चोसिनच्या बर्फातले तीन तास : एका नौदल वैमानिकाचं प्रकरण

अमेरिकन नौदलातला कनिष्ठ अधिकारी (एन्साइन) जेसी ब्राउन वयाच्या २४व्या वर्षी उत्तर कोरियातल्या एका डोंगरउतारावर गेला. तारीख ४ डिसेंबर १९५०, कोरियन युद्धाचे दिवस. त्याला वाचवायला त्याच्या जोडीदाराने, टॉम हडनरने, स्वतःचं धडधाकट विमान मुद्दाम शेजारी आपटलं, आणि तरीही तो वाचला नाही. अमेरिकेत ही कथा मैत्री आणि शौर्याची म्हणून सांगितली जाते. त्यात खोटं काही नाही. पण शौर्याच्या झगमगाटात एक साधी गोष्ट झाकली जाते. त्या दुपारी धैर्य कमी पडलं नाही, कमी पडली ती हत्यारं, दिवसाचा उजेड आणि वेळेवर विचारलेला एक प्रश्न. म्हणून इथे प्रसंग टप्प्याटप्प्याने मांडला आहे. मुख्य तीन-चार माणसांची नावं सर्वांना ठाऊक आहेत, ती ठेवली आहेत. तुकडीतल्या बाकीच्यांचा उल्लेख फक्त हुद्द्याने केला आहे.

पार्श्वभूमी

जेसी लिरॉय ब्राउनचा जन्म १३ ऑक्टोबर १९२६चा, मिसिसिपी राज्यातल्या हॅटिसबर्गचा. कृष्णवर्णीय कुटुंब, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती, घरात रॉकेलचे दिवे. सहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला विमानांच्या कसरती दाखवायला नेलं आणि पोराने तेव्हाच ठरवून टाकलं. लष्कराच्या हवाई दलात काळ्यांना वैमानिक म्हणून घेत नाहीत हे कळल्यावर १९३७ साली, वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी, त्याने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना तक्रारीचं पत्र धाडलं. व्हाइट हाउसमधून उत्तरही आलं, नम्र आणि गुळमुळीत.

ओहायो स्टेट विद्यापीठात शिकताना तो दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत रेल्वेच्या मालडब्यांत माल चढवायचा. तिथूनच तो नौदलाच्या राखीव दलात आणि पुढे वैमानिक प्रशिक्षणात शिरला. फ्लोरिडातल्या पेन्साकोला तळावर प्रशिक्षण चालू असताना लग्न करायला बंदी होती, कळलं तर घरी पाठवत. त्याने हायस्कूलपासूनची मैत्रीण डेझी हिच्याशी गुपचूप लग्न केलं आणि प्रशिक्षण संपेपर्यंत ते लपवून ठेवलं. २१ ऑक्टोबर १९४८ला त्याच्या छातीवर नौदलाचे सोनेरी पंख लागले. अमेरिकन नौदलाचं वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश जुलै १९४८चा, म्हणजे जेमतेम तीन महिने आधीचा. कागदावरचा आदेश माणसांच्या मनात उतरायला किती वेळ लागतो हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

दुसरा माणूस टॉम हडनर. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरचा, गोरा, नौदल अकादमीचा पदवीधर, ब्राउनपेक्षा दोन वर्षांनी मोठा. हडनर १९४९च्या अखेरीस ३२ क्रमांकाच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये आला तेव्हाची एक गोष्ट तो पुढे मुलाखतींत सांगायचा. कपडे बदलायच्या खोलीत ब्राउन आत आला, नव्या अधिकाऱ्याला पाहून त्याने नुसती मान हलवली, हात पुढे केला नाही. समोरच्याला तो हात घ्यावा की नाही असा पेच पडू नये, म्हणून. हडनरच खोली ओलांडून गेला आणि त्याने हात मिळवला.

हुद्द्याने हडनर वरचा, पण कोर्सेअर या लढाऊ विमानावरचा अनुभव ब्राउनचा जास्त. त्यामुळे हवेत ब्राउन पुढे आणि हडनर त्याचा विंगमन अशी जोडी लागली. विंगमनचं काम एकच, पुढच्याच्या पाठीवर डोळा ठेवायचा. पुढे काय घडलं ते समजायला हे नातं ध्यानात ठेवायला हवं.

ऑक्टोबर १९५०मध्ये त्यांची विमानवाहू नौका यूएसएस लेटी कोरियाच्या समुद्रात पोहोचली. नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तर कोरियातल्या चोसिन जलाशयाच्या परिसरात, उत्तर कोरियाच्या बाजूने, चिनी फौजा उतरल्या. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ३० हजार सैनिक, त्यांच्याभोवती सुमारे १ लाख २० हजार चिनी. वेढ्यातल्या मरीनना (अमेरिकेच्या मरीन दलातल्या सैनिकांना) बाहेर काढायचं तर वरून सतत मारा हवा होता. लेटीची विमानं रोज त्याच कामावर होती.

समस्या

४ डिसेंबरला दुपारी सहा कोर्सेअर लेटीवरून उडाली. नौकेपासून चोसिनपर्यंत शंभरेक मैल. चिनी तुकड्या दिवसा दबा धरून बसत, त्यामुळे त्या हुडकायला विमानं ७०० फुटांपर्यंत खाली आली होती. एवढ्या खालून जाणारं विमान जमिनीवरच्या साध्या रायफललाही सापडतं. गोळी नेमकी कुठून आली ते कोणी पाहिलं नाही. पावणेतीनच्या सुमारास एका सहकाऱ्याने रेडिओवर सांगितलं की ब्राउनच्या विमानामागे इंधनाची वाफ दिसते आहे. पाठोपाठ ब्राउनचा आवाज आला, इंजिनाची ताकद जाते आहे.

पॅराशूटने उडी मारायला उंची नव्हती. समुद्र गाठायला इंजिन नव्हतं. उरला एकच मार्ग, चाकं आत ठेवून जमेल तिथे पोटावर उतरायचं. हडनरने शेजारून उडत उतरण्याआधीची यादी एकेक करून वाचून दाखवली, पट्टे आवळलेस का, कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, मागे सारलीस का. ब्राउनने बाहेरची टाकी आणि रॉकेटं टाकून दिली आणि डोंगराच्या कुशीतली बर्फाने झाकलेली एक मोकळी जागा निवडली.

विमान जोरात आदळलं. कॉकपिटपाशी धड वाकलं आणि आतला पत्रा ब्राउनच्या पायावर आला. वरच्यांना वाटलं, संपलं. मग कॉकपिटमधून हात हलताना दिसला. जिवंत होता. पण बाहेर पडत नव्हता, आणि विमानाच्या नाकाडातून धूर येऊ लागला होता.

जागा चिनी फौजेच्या मागे पंधराएक मैल, थंडी शून्याच्या बरीच खाली, सूर्य कलायला लागलेला.

समोरचे पर्याय

वर घिरट्या घालणाऱ्यांच्या हातात फार काही नव्हतं. दलनायकाने लगेच बचाव हेलिकॉप्टर मागवलं, आणि तोच या प्रकरणातला सगळ्यात सरळ, सगळ्यात बरोबर निर्णय होता. पण हेलिकॉप्टर यायला अर्धा तास तरी लागणार होता. तोवर घिरट्या घालत राहायचं, कोणी चिनी सैनिक जवळ आला तर त्याला हुसकवायचं, हा नेहमीचा मार्ग. पाच विमानांच्या पहाऱ्यात अर्धा तास काढणं तसं अशक्य नव्हतं.

अशक्य वाटत होतं ते धुरामुळे. कोर्सेअरमध्ये कॉकपिटच्या पुढेच मोठी इंधनाची टाकी असते. इंजिनातली धग मागे सरकली तर अडकलेला माणूस जागच्या जागी जळणार. हे हडनरला दिसत होतं, इतरांनाही दिसत होतं.

तिसरा पर्याय कुठल्या पुस्तकात नव्हता. खाली उतरायचं. म्हणजे चांगलं विमान मोडायचं, शत्रूच्या मुलखात एकाऐवजी दोन माणसं अडकवायची, आणि जिवंत उतरलोच तर रिकाम्या हाताने काय करणार हा प्रश्न होताच. हडनरने परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपण उतरतोय एवढंच त्याने रेडिओवर सांगितलं.

इथे थांबावंसं वाटतं. परवानगी न मागणं ही शिस्तभंगाची बाब खरीच. पण दलनायकाच्या बाजूने पाहिलं तर त्याच्यावर ‘नको’ म्हणण्याची वेळ आली नाही, आणि पुढे आयुष्यभर त्या ‘नको’चं ओझंही त्याला वागवावं लागलं नाही. हडनरने निर्णय घेतला आणि जबाबदारीही एकट्याने उचलली. सगळेच बंडखोर निर्णय इतके स्वच्छ नसतात.

प्रत्यक्षात काय केलं

हडनरने रॉकेटं आणि गोळ्या संपवल्या, वजन कमी केलं आणि ब्राउनपासून शंभरेक यार्डांवर चाकं न काढता विमान बर्फात घातलं. आपटण्यात त्याची पाठ दुखावली. धडपडत तो ब्राउनपाशी पोहोचला.

ब्राउनने पाय सोडवण्याच्या खटपटीत हेल्मेट आणि हातमोजे काढून टाकले होते. त्या थंडीत बोटं आखडून गेली होती. हडनरने खिशातली लोकरी टोपी त्याच्या डोक्यावर घातली आणि हातांना गळपट्टा गुंडाळला. मग काम सुरू झालं. एकीकडे ओंजळी भरभरून बर्फ इंजिनाच्या झाकणात टाकायचा, दुसरीकडे ब्राउनला ओढायचं. ओढायला पाय रोवून उभं राहायला हवं, आणि नेमकी तीच जागा नव्हती. कॉकपिटची कड उंच, पंखाचा पत्रा गुळगुळीत आणि बुटांच्या तळव्यांना चिकटलेला बर्फ दाबून टणक झालेला. जोर लावला की पाय सटकायचा.

मग तो आपल्या विमानाकडे परतला आणि रेडिओवरून वरच्यांना सांगितलं, हेलिकॉप्टरला कुऱ्हाड आणि आग विझवायचं यंत्र आणायला सांगा.

हा निरोप ज्या वेळी गेला ती वेळ महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

मरीनचा लेफ्टनंट चार्ली वॉर्ड सिकोर्स्की हेलिकॉप्टर घेऊन आला. सहवैमानिक नाही, नर्स नाही, डॉक्टर नाही, तो एकटाच. दोघांनी मिळून पाऊण तास धडपड केली. विझवायच्या यंत्राने इंजिनातली धग काही हटली नाही. कुऱ्हाडीचे घाव पत्र्यावरून नुसते उडत होते. ब्राउन मधूनमधून शुद्ध हरपत होता. हडनरने पुढे अनेकदा सांगितलं की इतक्या वेदनांत तो कण्हला नाही की चिडला नाही. उलट त्याच्या शांतपणामुळे हडनरलाच धीर आला. पाय तोडून बाहेर काढण्याचा विषय निघाला, ब्राउनने स्वतःच काढला. हाताशी काय होतं, तर एक सुरी. ना दोर बांधायला नीट जागा, ना कापायला हात पोहोचत होता, ना रक्त थांबवायची सोय. विषय निघाला आणि तिथेच राहिला.

डेझीवर माझं प्रेम आहे हे तिला सांग, असं ब्राउनने सांगितलं. त्यानंतर तो बोलला नाही.

अंधार पडायला आला तेव्हा वॉर्डने जे सांगितलं त्यावर वाद घालायला जागा नव्हती. त्याचं हेलिकॉप्टर रात्री, डोंगरांमधून, उडू शकत नव्हतं. थांबायचं तर तिघांनी थांबायचं आणि त्या थंडीत सकाळपर्यंत कोणी जगणार नव्हतं. हडनर ब्राउनला म्हणाला, चांगली हत्यारं घेऊन परत येतो. ब्राउनने ते ऐकलं नसावं. दोघे निघाले.

परिणाम

लेटीवर परतल्यावर हडनरने पुन्हा जाऊ द्या अशी विनंती केली. हेलिकॉप्टरवर दबा धरून हल्ला होईल आणि आणखी माणसं जातील, म्हणून ती मान्य झाली नाही. काही दिवसांत स्क्वाड्रनच्या विमानांनी त्या जागेवर नापाम, म्हणजे आग लावणारे बॉम्ब, टाकले. विमान आणि देह शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. वैमानिकांनी रेडिओवर प्रार्थना म्हटली. जहाजावरच्या लोकांनी ब्राउनच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे गोळा केले. मुलगी पामेला तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती.

हडनरच्या बाबतीत वरिष्ठांमध्ये दोन तट पडले. एक म्हणत होता, मुद्दाम विमान मोडलं, कोर्ट-मार्शल करा. दुसरा म्हणत होता, पदक द्या. लेटीच्या कप्तानाने पदकाची बाजू घेतली. १३ एप्रिल १९५१ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते हडनरला मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. डेझी तिथे हजर होती. त्याच वेळी, वैमानिकांनी पुन्हा अशा तऱ्हेने साथीदारासाठी विमान उतरवू नये, असा हुकूमही निघाला. एका हाताने शाबासकी आणि दुसऱ्या हाताने मनाई. वरवर विसंगत, पण मला यात नौदलाचा शहाणपणा दिसतो. केलेल्या कृत्याचा मान राखायचा आणि त्याचा पायंडा पडू द्यायचा नाही, ही कसरत फार थोड्या संस्थांना जमते.

ब्राउनला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. १९७३ साली बॉस्टनमध्ये त्याच्या नावाची फ्रिगेट (युद्धनौका) नौदलात दाखल झाली आणि त्या वेळी भाषण हडनरने केलं. २०१३च्या जुलैमध्ये, ८८व्या वर्षी, ब्राउनचे अवशेष मिळतात का हे पाहायला तो प्योंगयांगला गेला. पावसाने रस्ते वाहून गेले होते, तिथल्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबरात या म्हणून सांगितलं. २०१७ साली हडनर गेला, पुढच्या वर्षी त्याच्याही नावाची विनाशिका बॉस्टनमध्येच दाखल झाली. अवशेष मात्र अजून मिळालेले नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न अर्थातच, हडनरने उतरायला हवं होतं का. निकालावरून न्याय द्यायचा मोह टाळला तर उत्तर सोपं नाही. त्याच्याजवळ हवेत जी माहिती होती तिच्या आधारे, जोडीदार जिवंत, विमान धुमसतंय, मदत अर्ध्या तासावर, असा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याने हिशेबात न धरलेली एक गोष्ट होती. आग भडकली नाही. ती धुमसत राहिली. ब्राउनचा जीव घेतला तो आतल्या इजेने आणि थंडीने, आणि या दोन्हींवर हडनरच्या रिकाम्या हातांकडे उपाय नव्हता. त्याच्या उतरण्याने ब्राउनला माणूस मिळाला, टोपी मिळाली, शेवटचा निरोप घ्यायला कोणीतरी मिळालं. हे कमी नाही, पण याला बचाव म्हणता येत नाही.

माझ्या मते खरा निर्णयबिंदू त्याच्याही आधीचा आहे. कॉकपिटमधून हात हलला त्या क्षणी वरच्या पाचही वैमानिकांनी वाचलं, तो जिवंत आहे. त्याच दृश्यात दुसरी माहितीही होती. शुद्धीवर असलेला माणूस, शेजारी धूर, आणि तरी तो उठत नाही. म्हणजे तो अडकला आहे. अडकलेल्या माणसासाठी लागणारी मदत आणि जखमी माणसासाठी लागणारी मदत यांत फरक असतो. पहिल्याला पहार, करवत, कुऱ्हाड लागते. हेलिकॉप्टर मागवताना हेच सांगितलं असतं तर हत्यारांची जुळवाजुळव पहिल्या मिनिटापासून झाली असती. ती झाली हडनर उतरून, पळत जाऊन, हात लावून पाहून, परत आपल्या विमानाशी आल्यावर. शंभरेक यार्डांची ती ये-जा बर्फातून, दुखऱ्या पाठीने.

याचा दोष एकट्या कोणाला लावण्यात अर्थ नाही. कोसळलेलं विमान वरून पाहताना माणूस आधी ‘आहे की गेला’ एवढंच बघतो, आणि ‘आहे’ कळलं की मन सुटकेचा श्वास टाकतं. म्हणून अशा वेळी रेडिओवर विचारायचे प्रश्न आधीपासून ठरलेले हवेत, जसे उतरण्याआधीच्या यादीतले ठरलेले होते. ती यादी हडनरने चालत्या संकटात न चुकता वाचली. तिच्यात उतरल्यानंतरचं एकही कलम नव्हतं.

कुऱ्हाडीबद्दलही बोलायला हवं. लढाऊ विमानाचा पत्रा, आतल्या फासळ्या, वाकलेलं इन्स्ट्रुमेंट पॅनेल यांपुढे लाकूडतोडीच्या कुऱ्हाडीचा निभाव लागत नाही. १९५०मध्ये युद्धभूमीवरचं हेलिकॉप्टरच नवं होतं. इंजिनाची ताकद बेताची, चार माणसं बसली की भरलं. एकेक किलो वजन मोजून न्यायचं अशा यंत्रात जड हत्यारं आणि एक जादा माणूस चढवणं सोपं नव्हतं. तरी वॉर्डबरोबर आणखी एक जण असता तर एकाने ओढायचं, एकाने पत्रा उचकटायचा, एकाने आगीकडे बघायचं, अशी वाटणी झाली असती. दोघांना एका वेळी एकच काम करता येत होतं.

निघण्याचा निर्णय मला सगळ्यात कमी वादाचा वाटतो आणि हडनरला तोच सगळ्यात जास्त सलला, हे त्याच्या नंतरच्या बोलण्यावरून दिसतं. वॉर्डने तिथे हुद्दा किंवा धाक वापरला नाही. अंधारात हे उडत नाही, एवढंच सांगितलं. अशा ठिकाणी ज्याच्या हाती यंत्र आहे त्याने भावनेला बाजूला ठेवून यंत्राची मर्यादा स्पष्ट सांगणं, आणि दुसऱ्याने ती ऐकणं, यामुळेच त्या संध्याकाळी दोन माणसं जिवंत परतली.

राहिला मनाईचा हुकूम. साथीदारासाठी विमान मोडू नका हे सांगणं रास्त आहे. पण निव्वळ मनाईने पुढच्या विंगमनच्या हातात काही पडत नाही. वर घिरट्या घालताना त्याने काय करायचं ते त्याला हवं असतं. पायलट हलतोय की नाही, उठतोय की नाही, धूर कुठून येतोय, हेलिकॉप्टरने काय घेऊन यायचं, अंधार पडायला किती वेळ आहे. हे पाच प्रश्न दलनायकाने पहिल्याच निरोपात विचारायचे ठरवले तर ‘उतरू नका’ हा हुकूम पाळणं विंगमनला थोडं तरी सोपं जाईल.